कासमभाईंची उपसमिती

मंगळवारी सकाळी कासमभाई गेले. दुकान उघडलं नाही. समोरच्या रघुशेठ हलवायांनी हाक मारली. उत्तर आलं नाही. रघुशेठ मागच्या बाजूनं आत गेले, आणि मग त्यांनी मला शाळेतून बोलावून घेतलं.

लोक जमले. कुणी पाणी तापवत होतं, कुणी कापड आणायला गेलं होतं. तेवढ्यात एकानं कोनाड्याकडं बोट करून मला हळूच विचारलं, "मास्तर, ह्याला कळवायचं का?" कोनाड्यात रेडिओ होता. विचारणारा थट्टा करत नव्हता. आमच्या जुन्नरात सगळेच त्या रेडिओला माणूस समजायला लागले होते, आणि तेही जरा कामचुकार माणूस. ही कासमभाईंची करणी.

कासमभाई रेडिओला 'अरे' म्हणत.

दिवेलागणीला ते बटण फिरवत. त्या काळचे रेडिओ लगेच बोलत नसत, आत ऊब यायला वेळ लागे. तेवढा वेळ कासमभाई कमरेवर हात ठेवून कोनाड्यासमोर उभे राहत. "उठला का? तोंड धू." मग खरखर सुरू होई. "हं, खाकरतोय." मग आतून भारदस्त आवाज येई, "नमस्कार, श्रोतेहो." त्यावर कासमभाई मान डोलावत. "ये. बस. आज तरी नीट काम कर."

याच्यामागं विचार होता. तो त्यांनी मला पहिल्या भेटीतच समजावून दिला. रेडिओ सरकारचा. सरकारला पैसा मंजूर करते लोकसभा. लोकसभेला मत देतात कासमभाई. शिवाय दरसाल पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन भरतात तेही कासमभाईच. "म्हंजे ह्यो कोन झाला? आपला गडी. गड्याला कुनी अहो-जाहो करतं का, मास्तर?"

सेट त्यांनी बदली होऊन गेलेल्या एका फौजदाराकडून घेतला होता. फौजदाराच्या घरी राहिल्यामुळं तो उर्मट झालाय, असं त्यांचं मत होतं.

त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर, त्याच्यामागं परस. बायको वारल्यावर घरात ते एकटेच. आयुष्यभर लोकांच्या बायकांच्या हातांत बांगड्या भरल्यामुळं त्यांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे, हात राहत असे. सव्वादोन, अडीच, पावणेतीन ही बांगड्यांची मापं. त्या मापांत त्यांनी सगळा गाव बसवला होता. मामलेदार अडीच. रघुशेठ पावणेतीन, आणि तेही ओढूनताणून. माझा हात त्यांनी पहिल्या दिवशीच दाबून पाहिला होता. "सव्वादोन! बायकांत बी एवढा नाजूक हात घावत न्हाई, मास्तर. असल्या हाताचा मानूस चोरी करत न्हाई. भांडत बी न्हाई." मी काही बोललो नाही. "बगा," ते म्हणाले, "भांडला का?"

मी तेव्हा जुन्नरात नवा होतो. दिवसा शाळेत शिकवायचं आणि संध्याकाळी वाचनालय सांभाळायचं. वाचनालय बंद करून परतताना आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र घेऊन मी कासमभाईंकडं टेकत असे. त्यांना उर्दू वाचता येई, मराठी छापील अक्षराशी त्यांचं जमत नसे. मी वाचायचं आणि त्यांनी बांगड्या पुसत ऐकायचं, असा रिवाज पडला.

एके दिवशी मी बातमी वाचली, की लोकसभेची एक समिती सरकारी खात्यांच्या खर्चाची झाडाझडती घेणार आहे आणि त्यात नभोवाणीचं खातंही येणार आहे. कासमभाईंचा बांगडी पुसणारा हात थांबला.

"म्हंजे आपल्या पैशाचं ह्यो काय करतो ते इचारनार?"

"हो."

"दिल्लीत बसून?"

"हो."

"दिल्लीत बसून त्यांना काय कळनार? हितं येऊन ऐकलं का त्यांनी ह्याला? हितं उपसमिती पायजे."

अशी ती उपसमिती निघाली. रोज बातम्या आणि शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम संपला की तिची बैठक बसे. ऐकायला आलेले लोक पोत्यांवर बसत. रघुशेठचं दुकान समोर म्हणून रघुशेठ विरोधी पक्ष. मला त्यांनी सभापती केलं.

"कासमभाई, मला चार माणसांत बोलता येत नाही," मी म्हणालो.

"म्हनूनच."

उपसमितीला सभापती नसतो आणि विरोधी पक्षही नसतो, हे मला पुस्तकांतून ठाऊक होतं. पण ते मी बोललो नाही, आणि त्यामुळं माझी निवड योग्यच ठरली.

कामकाज फार गंभीरपणे चाले. एकदा मधमाश्यांच्या पालनावर एका गृहस्थांचं भाषण होतं. मध्येच ते खोकले. कासमभाई ताडकन उठले.

"खोकला! सभापती, लिवून घ्या. पगारावर खोकतोय."

"आजारी आसंल बिचारा," रघुशेठ म्हणाले.

"मंग रजा टाकावी. माज्या पैशावर कशाला खोकायचं?"

दोन कार्यक्रमांच्या मध्ये सारंगी वाजली, की ते म्हणत, "बोलायला काय न्हाई, म्हनून वाजवत बसलाय." दुपारी केंद्र बंद असे. त्यावर, "आमी उन्हाचं घाटघरला बांगड्या घिऊन चढतोय, आन् ह्यो झोपतो." आणि एकदा यंत्रात काही बिघडून, मग 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व' असं ऐकू आलं, तेव्हा तर त्यांनी गिऱ्हाइकाचा हात हातात तसाच धरून रेडिओला विचारलं, "माज्या दुकानात बाईच्या मापाची बांगडी न्हाई निगाली, तर क्षमस्व म्हनून भागंल का रे? बोल की. आता का गप?"

रेडिओवर सारंगी सुरू झाली.

"बगितलं?" कासमभाई आम्हांला म्हणाले.

विरोधी पक्षाची मागणी रोज एकच असे: सिनेमाचं गाणं लावा. ती रोज फेटाळली जाई. "अवो कासमभाई," एकदा रघुशेठ चिडून म्हणाले, "गडी तुमचाच हाय ना? मंग तुमचं ऐकत कसा न्हाई त्यो?"

कासमभाईंनी क्षणभर विचार केला. "सरकारी गडी हाय," ते म्हणाले.

कसूर मोठी असेल तर रेडिओला निलंबित करण्यात येई. म्हणजे त्याच्यावर पंचा टाकायचा आणि बटणाला हात लावायचा नाही. हवामान कोरडं राहील असं ऐकून कासमभाई एकदा बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन नाणेघाटाच्या अंगाला गेले आणि चिंब होऊन परत आले. पेटीतली काच कोरडी होती, पण आत घातलेलं गवत भिजून फुगलं होतं. त्या खेपेला पंचा आठवडाभर निघाला नाही. रघुशेठ येता-जाता पंचाचं टोक उचलून आत बघत, तुरुंगातल्या नातेवाइकाला भेटावं तसं.

"ह्यावर लोकसभेत प्रश्न निघंल." हे त्यांचं पेटंट वाक्य. रेडिओपुरतं ते राहिलं नाही. रघुशेठची जिलबी मऊ पडली, लोकसभेत प्रश्न निघंल. शाळेची घंटा उशिरा झाली, प्रश्न निघंल. एका लग्नात आमटी पातळ होती. कासमभाईंनी वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली आणि यजमानाकडं नुसतं बघितलं. यजमानानं हात जोडले. "कासमभाई, लोकसभेत नका नेऊ. दुसरी करतो."

हे सगळं गमतीचं. पण उपसमितीपुढं खरा विषय एकच होता आणि त्यात गंमत नव्हती. रेडिओनं आजवर जुन्नरचं नाव घेतलं नव्हतं.

पुणं म्हणे. नाशिक म्हणे. बाजारभावांत एकदा मंचरचं नाव आलं. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं मंचर! बटाट्याची आवक बरी झाली, एवढंच वाक्य. कासमभाईंना ते फार लागलं.

"मंचर म्हनला! बटाट्यासाठी मंचर म्हनला आन् जुन्नर म्हनायला ह्याच्या जिभंला काय झालं?"

"परवा शिवनेरी म्हनला की," रघुशेठ म्हणाले.

"किल्ला म्हनला. गाव न्हाई म्हनला. किल्ल्यावर कोन ऱ्हातं? घुबडं. लायसन कोन भरतं? गाव!"

रोज रेडिओ संपताना ते माझ्याकडं बघत. "म्हनला का, सभापती?" मी नकारार्थी मान हलवी. माझं तेवढंच काम. हा गावाचा अभिमान, असं मी समजत होतो. जरा जास्तीचा, पण अभिमान.

त्यांच्या शिस्तीत एकच भोक होतं. ते परसदाराला कधी कडी लावत नसत. पुढच्या दाराला दोन कड्या आणि कुलूप, मागचं नुसतं लोटलेलं. त्यातून रघुशेठचं मांजर येई आणि रेडिओवर ऊब असते म्हणून त्याच्यावर जाऊन बसे. ऐन बातम्यांत मांजराची शेपटी हलत असे. मी एकदा म्हणालो, "परसदाराला कडी लावत जा की."

"सभापती," ते म्हणाले, "आपली उपसमिती रेडिओपुरती हाय. परसदाराचा इषय कामकाजात न्हाई."

मी मांजराला रेडिओवरून खाली उतरवलं.

दिवाळीच्या सुट्टीत एकदा मी त्यांच्याबरोबर घाटघरला गेलो. नाणेघाटाच्या तोंडाशी डोंगरातलं गाव, भातशेती करणारी माणसं. तिथं रेडिओ कुणी पाहिलेला नव्हता, म्हणून कासमभाई त्याच्याविषयी लोकमत घ्यायला जात. पद्धत साधी होती. बांगडी भरताना बाईचा हात त्यांच्या हातात असे. बोटांची हाडं जुळवून, अंगठ्यानं दाबून, बांगडी अर्ध्यावर आणून ते थांबत आणि प्रश्न टाकत. अर्ध्यावर बांगडी असताना कुणाला उठून जाता येत नाही.

ठकूबाई म्हणून एक म्हातारी होती. तिच्या नातीचं लग्न ठरलं होतं आणि नातीबरोबर तीही भरून घेत होती. बांगडी अर्ध्यावर आली.

"ठकूबाई, सरकारनं रेडिओ ठेवलाय. आपल्या पैशानं. त्यो तुमच्याइषयी कंदी बोलला का?"

"आमच्याइषयी कशाला बोलंल त्यो? वळख ना पाळख."

"मंग जाब इचारायचा का न्हाई?"

"इचार की बाबा. आदी माजा हात सोड. भात करपतोय."

"म्हंजे तुमचा ठरावाला पाठिंबा."

"हाय हाय! समद्याला हाय. सोड!"

बांगडी सरकन मनगटावर गेली. "घाटघर आपल्या बाजूनं," कासमभाई मला म्हणाले. उतरताना वाटेतल्या डिंगोऱ्यालाही त्यांनी अशाच चार-दोन घरांचा पाठिंबा मिळवला.

आणि मग आमचे खासदार दौऱ्यावर जुन्नरला आले.

कासमभाईंनी लग्नातली शेरवानी काढली. ती आता पोटावर बसत नव्हती, म्हणून वरच्या दोनच गुंड्या लावल्या. अत्तर लावलं. काय विचारायचं ते त्यांनी मला तोंडपाठ म्हणून दाखवलं: "नभोवानीच्या मंत्र्यांना इचारावं. जुन्नर हे गाव हिंदुस्थानात हाय का न्हाई? आसल्यास रेडिओला ते ठाऊक हाय का? ठाऊक नसल्यास, त्यो ठाऊक नसन्याचा पगार घेतो का?"

मी म्हणालो, "शेवटचा प्रश्न जरा सौम्य करावा."

"तुमी सभापती. तुमी प्रश्नात बोलायचं न्हाई."

सरकारी बंगल्यावर खासदारांभोवती गर्दी होती. कुणाला रस्ता हवा होता, कुणाला पूल. कासमभाईंची पाळी आली तेव्हा खासदारांनी सवयीनं हस्तांदोलनाला हात पुढं केला. कासमभाईंनी तो दोन्ही हातांत घेतला आणि त्यांच्या नकळत त्यांची बोटं आपल्या कामाला लागली. खासदारांच्या हाताची हाडं जुळली, अंगठ्यानं मूठ दबली, पाची बोटं एकत्र आली. आता फक्त बांगडी सरकवायची राहिली होती. खासदारांनी हात ओढून पाहिला. पण जे ठकूबाईला जमलं नव्हतं ते त्यांना कुठून जमणार? तिन्ही प्रश्न त्यांना उभ्यानं ऐकावे लागले.

"विचारतो, विचारतो," ते म्हणाले. "दिल्लीत विचारतो. हात सोडा."

"कंदी?"

"लवकर. हात दुखतोय हो."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय वाटतं?"

"पावनेतीन," कासमभाई म्हणाले. "हात मोठा. पन हाड मऊ हाय. काम करंल."

त्यानंतर मी रोज वर्तमानपत्रातला लोकसभेचा रकाना आधी वाचू लागलो. साखरेवर प्रश्न निघाले, रेल्वेवर निघाले, धरणांवर निघाले. "आज?" ते विचारत. "नाही." "उद्या निघंल." मग ते कोनाड्याकडं वळत. "ऐकलं का रे? उद्या निघंल. तवर सुधर."

प्रश्न निघाला की नाही, मला आजही ठाऊक नाही. निघाला असेल तर छापून आला नाही. पण भाताची कापणी संपत आली असताना एक मोटार जुन्नरला आली. तिच्यात आवाज भरून घ्यायचं यंत्र होतं. खेड्यापाड्यांतल्या लोकांची मनोगतं शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात लावायची होती. रघुशेठ जिलबीचा झारा हातात घेऊनच आमच्याकडं धावत आले.

"कासमभाई! तुमचा गडी सोता आला राव!"

कासमभाई खाली बसले. मग उठले. मग पुन्हा बसले. "लोकसभा हलली, मास्तर," ते म्हणाले.

शाळेच्या व्हरांड्यात यंत्र मांडलं. कार्यक्रमाचे साहेब तरुण होते आणि घाईत होते. एक शेतकरी झाला, एक हातकागद बनवणारे झाले, मग त्यांनी कासमभाईंना बांगड्यांच्या धंद्यावर चार वाक्यं बोलायला सांगितलं. सगळा बाजार लोटला होता. आज रेडिओची झडती होणार आणि ती समोरासमोर होणार, म्हणून लोक पोरंबाळं घेऊन आले होते. रघुशेठनं तर गाठी-शेव वाटली.

शेरवानीतले कासमभाई मायक्रोफोनसमोर उभे राहिले. त्यांनी त्याच्याकडं बघितलं आणि हात जोडले.

"नमस्कार, सायेब," ते त्याला म्हणाले. "तुमी आलात, बरं झालं."

लोकांत चुळबुळ झाली. मायक्रोफोनला साहेब! कार्यक्रमाच्या साहेबांनी खूण केली की यंत्र चालू झालंय, बोला.

"जुन्नर," कासमभाई म्हणाले, आणि खोकले.

"सभापती!" मागून रघुशेठ ओरडले. "खोकले! लिवून घ्या!" सगळे हसले. मीही हसलो. कासमभाई हसले नाहीत.

"जुन्नरहून बोलतोय. बांगडीच्या दुकानातून. दुकान हाय तितंच हाय. मी बरा हाय. परसदाराला कडी लावत न्हाई."

साहेब पुढं झाले. "कासमभाई, बांगड्यांविषयी बोला."

"व्हय. बांगड्या बी हायेत. हिरव्या हायेत, लाल हायेत. पेटी वाढली त्याचं काय न्हाई. काच हाय, वाढनारच. आता लई पेट्या हायेत." ते थांबले. "परसदाराला कडी लावत न्हाई," ते पुन्हा म्हणाले.

साहेबांनी यंत्र बंद केलं.

बांगडी फुटली असं आपल्याकडं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. एवढं मला कळलं. बाकी काही कळलं नाही. मी रघुशेठकडं वळलो, तर ते हातातल्या गाठी-शेवेकडं बघत उभे होते.

"रशीद," ते म्हणाले. "पोरगा त्यांचा. तुमी यायच्या आदीची गोष्ट, मास्तर."

रशीदला मोटारींचं वेड होतं. बापानं त्याला पुण्याहून बांगड्यांची पेटी आणायला पाठवलं. तो लॉरीत पुढं बसला आणि सगळी वाट ड्रायव्हरचे हातपाय बघत आला. मागं पेटी मोकळीच आदळत होती. उघडली तेव्हा आत नुसता चुरा. "कासमभाईंच्या तोंडून 'फुटली' असा शब्द गेला. बांगडीवाल्याच्या तोंडून! तवाच आमी वळखलं, आज काय खरं न्हाई. मंग म्हनले, माज्या घराच्या पुडच्या दारानं पुन्यांदा आत यायचं न्हाई. पोरगं लॉरीवर गेलं. ते गेलंच. कुनी म्हनतं इंदूरला बगितला, कुनी म्हनतं कराचीला गेला आसंल. मी म्हनलं, अवो, इसरा आता, पुडचं दार बी उगडं टाका. तर म्हनतात, शब्द तोंडातून गेला त्यो गेला, मागं घेता येत न्हाई. पन परसदाराचं मी काय बोल्लो नव्हतो, आसं म्हनतात."

कामकाजाचे इतके नियम जाणणाऱ्या माणसानं स्वतःच्या नियमातून काढलेली ती वाट होती.

कार्यक्रम लागायच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. रस्त्यावरही माणसं उभी होती. मांजराला रघुशेठनं काखेत धरून ठेवलं होतं. रेडिओत ऊब आली. निवेदकानं नाव घेतलं, "जुन्नर." सगळ्या बाजारानं टाळी वाजवली, आणि त्या टाळीत शेतकऱ्याचं निम्मं मनोगत गेलं. मग कासमभाईंचा आवाज आला.

"जुन्नर." खोकला. "जुन्नरहून बोलतोय. बांगडीच्या दुकानातून. बांगड्या बी हायेत. हिरव्या हायेत, लाल हायेत. काच हाय, वाढनारच."

आणि सारंगी सुरू झाली.

परसदाराची वाक्यं कापली होती. दोन्ही.

मग विरोधी पक्ष उभा राहिला. रघुशेठचा चेहरा लाल झाला होता. "ह्ये कापलं! कुनाला इचारून कापलं? सभापती, निलंबन! जन्माचं निलंबन! लोकसभेत प्रश्न निगाला पायजे!" लोकही उठले. कुणी पंचा आणला. मी सभापती होतो, आणि मला वाटलं की आज आपणही बोलावं.

पण कासमभाईंनी हात वर केला.

"बसा, रघुशेठ. गावाचं नाव आलं ना? झालं."

"आवो पन कडीचं..."

"त्याचा पत्ता न्हाई, म्हनून चिठ्ठी घालता येत न्हाई. रेडिओला पत्ता लागत न्हाई. लॉरीवाला च्याला थांबतो. च्यावाल्याकडं रेडिओ आसतो." ते सावकाश बोलत होते, जणू हे त्यांनी कोनाड्यासमोर उभं राहून पुष्कळ वेळा मनात म्हटलं होतं. "आन् खोकला ठेवला की त्यांनी. लहानपनी माजा खोकला दारात ऐकला की खेळ टाकून घरात पळायचं पोरगं. कडीचं नसंल कळलं. खोकला वळखंल."

मग ते कोनाड्याशी गेले. पंचा त्यांनी बाजूला सारला, आतून बायकोची शाल आणली आणि ती रेडिओवर पांघरली, चारी बाजूंनी नीट खोचली.

"दमला आसाल," ते रेडिओला म्हणाले. "बसा आता."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते पुन्हा कमरेवर हात ठेवून उभे होते. "उठला का? तोंड धू." शिस्त ती शिस्त. उपसमिती पुढंही चालली. मंचरच्या बटाट्यांवर एक मोठी चर्चा झाली, सारंगीवर कित्येक झाल्या. जुन्नरचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही. फक्त रेडिओ संपला की ते माझ्याकडं बघण्याऐवजी मागं परसदाराकडं बघत.

त्या मंगळवारी रघुशेठ त्याच दारानं आत गेले. संध्याकाळी मातीहून परतल्यावर आम्ही दोघं दुकानात बसलो. कोनाड्यासमोर उभं राहायला कुणी नव्हतं. मी बटण फिरवलं. ऊब आली, खरखर झाली, आतून आवाज आला, "नमस्कार, श्रोतेहो." त्याला 'ये, बस' म्हणणारं कुणी नव्हतं. रघुशेठनं घसा साफ केला, पण त्यांच्याच्यानं ते झालं नाही. मी बटण बंद केलं.

रेडिओ आता वाचनालयात आहे. त्याचं लायसन मी भरतो. त्याच्यावर शाल आहे. दुकानाच्या पुढच्या दाराला दोन कड्या आणि कुलूप आहे आणि किल्ली रघुशेठकडं आहे. परसदार नुसतं लोटलेलं आहे. त्यातून मांजर येतं आणि जातं.